बडोद्याच्या शाळांतले चार संगणक

गुजरात सरकारने २००० साली बडोद्यातल्या महापालिकेच्या १०० प्राथमिक शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले. शहरातल्या पालिका शाळांपैकी जवळपास ८० टक्के शाळा यात आल्या. सरकारी शाळेत अशी वस्तू आली की डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, नोंद लागते, मुख्याध्यापकांची सही होते आणि वरच्या कार्यालयाच्या लेखी योजना पूर्ण होते. जून २००२ मध्ये ‘प्रथम’ या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेने पाहणी केली तेव्हा यातले फारच थोडे संगणक प्राथमिकच्या मुलांच्या वापरात असल्याचं दिसलं.

इथपर्यंतची गोष्ट कुठल्याही राज्यात घडली असती, आणि घडतेच. फरक पुढे पडला. पडून असलेल्या त्या यंत्रांवर नीट मोजमाप केलेला एक प्रयोग उभा राहिला. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो, शॉन कोल आणि ली लिंडन या चौघांनी त्याचे निष्कर्ष २००७ मध्ये ‘क्वार्टरली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स’ या नियतकालिकात मांडले. यातल्या पहिल्या दोघांना पुढे २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, अर्थात ते एकट्या या अभ्यासासाठी नव्हे. (बॅनर्जींचा जन्म मुंबईचा आणि आई मराठी, हे नोबेलच्या आठवड्यात आपल्याकडे बहुतेकांना पाठ झालं होतं. त्यांनी पालिका शाळांवर काय काम केलंय, हे मात्र फार कोणी वाचलं नसावं.)

संगणकाने मुलं शिकतात का, असा प्रश्न आला की बडोद्याचं उदाहरण हमखास निघतं. ‘गुण किती वाढले’ एवढाच आकडा त्यातून उचलला जातो. माझ्या मते तो या अभ्यासातला सर्वांत कमी कामाचा भाग आहे. ते गुण कोणाच्या वेळात, कोणाच्या मदतीने आणि किती रुपयांत वाढले, हेही संशोधकांनी लिहून ठेवलंय. योजना आखणाऱ्याला खरी गरज याची असते, आणि गाळलं जातं तेही हेच.

आधीची तयारी

मराठी वाचकाला बडोदा म्हटलं की सयाजीराव गायकवाड आठवतात. सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग त्यांनी १८९३ मध्ये आधी अमरेली भागात केला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या संस्थानाला लागू केला. मधे तेरा वर्षं गेली. आधी एका कोपऱ्यात करून बघायचं आणि मग पसरवायचं, ही चाल या शहराच्या कारभाराला नवी नव्हती. २००० सालच्या संगणकवाटपात ती पायरी वगळली गेली होती, एवढंच.

‘प्रथम’ ही नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मुंबईत, युनिसेफच्या मदतीने उभी राहिलेली संस्था. माधव चव्हाण तिच्या संस्थापकांपैकी. पालिका शाळांत तिचा ‘बालसखी’ हा कार्यक्रम चालू होता. वस्तीतलीच दहावीपर्यंत शिकलेली एखादी मुलगी नेमायची, तिला थोडं प्रशिक्षण आणि महिन्याला पाचशे ते साडेसातशे रुपये मानधन द्यायचं. तिने तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस मुलं वर्गातून वेगळी घेऊन रोज दोन तास अक्षरओळख, वाचन, बेरीज-वजाबाकी असं पायाचं शिकवायचं. जागा मिळेल तिथे बसायचं, व्हरांडाही चालतो.

अशा मुलीची गरज का पडली, ते सुरुवातीच्या चाचण्यांतून दिसलं. बडोद्यातल्या तिसरीच्या मुलांपैकी पहिलीच्या पातळीचं गणित येणारी मुलं साधारण पाचातलं एक होती. शिक्षक मात्र तिसरीचं पुस्तक शिकवत होते, कारण अभ्यासक्रम पूर्ण करायचा असतो. वर्गात बसलेलं मूल आणि फळ्यावरचं गणित यांच्यात दोन-दोन इयत्तांचं अंतर. या प्रकरणातले पुढचे सगळे निकाल या अंतराशी जोडलेले आहेत.

बालसखीचा परिणाम मोजायचं काम बडोद्यात आणि मुंबईच्या एल विभागात, म्हणजे कुर्ल्याच्या बाजूला, आधीच सुरू झालं होतं. बडोद्यात त्याला संगणकाची जोड मिळाली.

आखणी

प्रयोगाची रचना साधी होती. २००२-०३ मध्ये सोडतीने निम्म्या शाळा निवडल्या. त्यांतल्या चौथीच्या मुलांना आठवड्याला दोन तास संगणक मिळायचा. एक तास शाळेच्या वेळात, दुसरा शाळेच्या आधी किंवा सुटल्यावर. एका यंत्रापुढे दोन मुलं. पडद्यावर गणिताचे खेळ, तेही अधिकृत अभ्यासक्रमातल्या पायाभूत कौशल्यांवर बेतलेले. उरलेल्या निम्म्या शाळा तुलनेसाठी. पुढच्या वर्षी दोन्ही गटांची अदलाबदल.

ही अदलाबदल मला या आखणीतली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट वाटते. ‘त्या शाळेला दिलं, आम्हाला का नाही?’ हा प्रश्न मुख्याध्यापक विचारणारच, नगरसेवक तर आधी विचारणार. ‘यंदा त्यांची पाळी, पुढल्या वर्षी तुमची’ हे उत्तर तयार असलं की सोडत पचते. संशोधकालाही दोन वर्षांचे दोन वेगळे निकाल हाती येतात. बालसखीच्या बाबतीतही असंच केलं होतं: एका शाळेत तिसरीला बालसखी, दुसरीत चौथीला. कोणी रिकाम्या हाताने राहिलं नाही आणि तुलनाही शाबूत राहिली. शाळेत जाऊन संशोधन करणाऱ्याला आकडेशास्त्राइतकीच या हिकमतीची गरज असते.

संगणकापाशी एक प्रशिक्षकही असायचा. तोही स्थानिक, पाच दिवसांच्या प्रशिक्षणावर आलेला. त्याला घालून दिलेली मर्यादा मात्र लक्षात घेण्यासारखी आहे: गणित शिकवायचं नाही. मूल ज्या खेळात अडेल तिथे त्याला खेळ समजावून द्यायचा, त्याच्या ताकदीला थोडा जड जाईल असा पुढचा खेळ सुचवायचा, बस्स. फळ्याशी उभं राहून सगळ्यांना एकत्र शिकवणं एकदाही नाही.

तुलनेच्या शाळांतल्या संगणकांना कोणी हात लावू नये, असा काही नियम नव्हता. त्या शाळांना ते हवे तसे वापरायची मोकळीक होती. तिथे शिकवण्यासाठी संगणक सुरू असल्याचं मात्र आपल्याला कधीच आढळलं नाही, असं संशोधकांनी नोंदवलंय. म्हणजे यंत्रं दोन्ही गटांकडे होती. दोन गटांत फरक होता तो माणूस, खेळ आणि वेळापत्रक यांचा. या अभ्यासाला ‘संगणक दिल्याचा परिणाम’ म्हणतात तेव्हा हा भाग कोणाच्या ध्यानात राहत नाही. नुसत्या संगणकाचा परिणाम तुलनेच्या शाळांत दिसत होता, आणि तो शून्य होता.

आता जरा हिशेब करू. समजा चौथीत ४० मुलं आहेत. चार यंत्रं, प्रत्येकी दोन मुलं, म्हणजे एका वेळी आठ. पाच तुकड्या पाडाव्या लागतील. दर तुकडीला आठवड्याला दोन तास म्हणजे दहा तास यंत्रं चालू, त्यातले पाच शाळेच्या वेळेबाहेर. एवढं फक्त चौथीसाठी. हेच तिसरी ते सातवी पाच वर्गांना द्यायचं म्हटलं तर आठवड्याला ५० तास लागतील, आणि आठवडाभरात शाळेचे तासच मुळी पंचवीस-तीस असतात. म्हणजे चार संगणक एका वर्गाला पुरतात, ताणून दोन वर्गांना. ‘शाळेला संगणक दिले’ या वाक्याला या हिशेबापुढे फारसा अर्थ राहत नाही. वीज गेली, एक यंत्र बिघडलं, हे तर यात धरलेलंच नाही.

निकाल

पहिल्या वर्षी गणिताच्या चाचणीत ०.३५ प्रमाण विचलनाची वाढ दिसली, दुसऱ्या वर्षी ०.४७. हे एकक डोक्यात बसायला जड जातं, म्हणून असं पाहा. शंभर मुलं गुणांच्या चढत्या क्रमाने उभी केली आणि त्यातलं बरोबर मधलं, पन्नासावं मूल घेतलं, तर पहिल्या वर्षीच्या परिणामाने ते साधारण ६४ व्या जागेवर जातं आणि दुसऱ्या वर्षीच्या परिणामाने ६८ व्या. शिक्षणातल्या प्रयोगांच्या मानाने ही मोठी उडी आहे. तिचा लाभ हुशार आणि मागे पडलेल्या, अशा दोन्हींकडच्या मुलांना जवळपास सारखाच झाला.

भाषेच्या गुणांत काही फरक पडला नाही. खेळ गणिताचे होते, गणितच सुधारलं. ‘संगणकाने एकूण बुद्धी तल्लख होते, आत्मविश्वास येतो आणि मग सगळेच विषय सुधारतात’ असं विक्रेते सांगतात. निदान इथे तसं काही घडलं नाही.

कार्यक्रम संपल्यावर वर्षभराने त्याच मुलांची पुन्हा चाचणी घेतली तेव्हा वाढ साधारण ०.१० वर उतरली होती, म्हणजे आपलं पन्नासावं मूल आता ५४ व्या जागेवर. बालसखीकडे शिकलेल्या मुलांची वाढही अशीच ओसरली. याचा अर्थ लावताना घाई करू नये. पाचवीत गेल्यावर मूल पुन्हा त्याच वर्गात, त्याच पुस्तकासमोर बसलं. आदल्या वर्षी घातलेलं खतपाणी पुढच्या वर्षी कोणी घातलं नाही. पण ‘एकदा केलं की झालं’ अशा समजुतीने आखलेल्या योजनेला हा निकाल चांगलाच नडतो.

बालसखीचा परिणाम पहिल्या वर्षी ०.१४ आणि दुसऱ्या वर्षी ०.२८ होता. तिथे भाषा आणि गणित दोन्हींत वाढ झाली, आणि ती मुख्यतः तिच्यासमोर बसलेल्या, म्हणजे सगळ्यात मागे असलेल्या मुलांची. ती मुलं बाहेर गेल्याने वर्ग लहान झाला, पण वर्गातच राहिलेल्या मुलांना त्याचा काही लाभ दिसला नाही. मुंबईत तर दुसऱ्या वर्षी ठरलेल्या शाळांपैकी साधारण दोन-तृतीयांश शाळांतच बालसखी प्रत्यक्ष पोचू शकली. संशोधकांनी हिशेब मात्र ठरलेल्या सगळ्या शाळा धरूनच केला. योजना कागदावर शंभर ठिकाणी असते आणि प्रत्यक्षात साठ-सत्तर ठिकाणी, हे वास्तव आकड्यात येऊ देणं हाच प्रामाणिकपणा.

पैशांचा रकाना

संगणकाच्या कार्यक्रमाचा खर्च दर मुलामागे वर्षाला ७२२ रुपये आला. संगणक पाच वर्षं टिकतील असं धरून त्यांची किंमत यात घेतली होती. बालसखीचा खर्च दर मुलामागे १०७ रुपये.

दोन्हींच्या दुसऱ्या, म्हणजे चांगल्या वर्षाचा निकाल धरून मी ढोबळ भागाकार केला. ०.१० ची वाढ मिळवायला संगणकाच्या वाटेने सुमारे १५४ रुपये लागतात, बालसखीच्या वाटेने ३८. चौपट. बालसखीच्या आकड्यात भाषाही आहे, हे धरलं तर अंतर आणखी वाढेल.

म्हणजे एकाच शोधनिबंधात दोन गोष्टी शेजारी शेजारी छापल्या आहेत: संगणकाचा परिणाम अधिक आहे, आणि तोच पैसा दहावी शिकलेल्या मुलीवर खर्च केला तर एकूण लाभ कितीतरी अधिक आहे. पहिलं वाक्य संगणक पुरवणाऱ्याच्या सादरीकरणात जातं. दुसरं कुठे जातं, ते मला आजवर कळलेलं नाही. बालसखीच्या मागे कोणी पुरवठादार नाही, तिची निविदा निघत नाही आणि तिचं उद्‌घाटन करून फीत कापता येत नाही.

यावर एक रास्त आक्षेप आहे. संगणक शाळेत आधीच आले होते, पैसा खर्च झालाच होता. मग त्याची किंमत हिशेबात का धरायची? बडोद्यापुरता हा आक्षेप खरा आहे. पडून असलेली यंत्रं माणूस नेमून कामाला लावणं तिथे शहाणपणाचंच होतं. पण हाच निकाल दाखवून दुसऱ्या जिल्ह्यात नवी खरेदी करायची असेल तर किंमत धरावीच लागेल.

तो दुसरा तास

बडोद्याच्या आखणीत एक गाठ मात्र सुटत नव्हती. दोन तासांपैकी एक शाळेतला होता आणि एक शाळेबाहेरचा. मग गुण वाढले ते संगणकामुळे की मुलांना गणितासाठी आठवड्याला एक तास जादा मिळाला म्हणून? चौघांपैकी ली लिंडन यांनी पुढे अहमदाबादच्या ‘ज्ञानशाला’ या संस्थेच्या शाळांत ही गाठ सोडवायचा प्रयत्न केला. ज्ञानशाला गरीब वस्त्यांत कमी खर्चात, पण पाठांची घट्ट आखणी करून शाळा चालवते. तिथे संगणकाचा कार्यक्रम दोन प्रकारे राबवला. एका प्रकारात मुलं शाळेच्याच वेळात, चालू शिकवणं सोडून संगणकाकडे जायची. दुसऱ्यात शाळेच्या वेळेबाहेर, जादा.

जादा वेळेतल्या मुलांचे गुण ०.२८ ने वाढले. शाळेच्या वेळेतल्या मुलांचे ०.५७ ने *घटले*. पन्नासावं मूल २८ व्या जागेवर आलं! संस्था तीच आणि दोन्हींकडे संगणक. तरी निकालाची दिशाच उलटी. चांगलं चाललेलं शिकवणं काढून त्या जागी खेळ बसवले तर नुकसान होतं, आणि जिथे काही नव्हतं तिथे खेळ आले तर लाभ होतो. बडोद्यात शाळेतला तास काढून घेतल्याने फार बिघडलं नाही, याचा एक अर्थ असाही निघतो की त्या तासात मुळात फारसं काही घडत नसावं. हा माझा तर्क आहे, आणि तो कोणा शिक्षकाला आवडणार नाही, याची कल्पना आहे.

त्यानंतरचा मोठा अभ्यास दिल्लीचा, २०१५ चा. ‘माइंडस्पार्क’ ही संगणकप्रणाली प्रत्येक मुलाची पातळी ओळखून तिथूनच प्रश्न देते. सरकारी शाळांतली ६१९ मुलं, त्यांतल्या सोडतीने निवडलेल्या साधारण निम्म्यांना शाळेनंतर दीड तास, त्यातला निम्मा वेळ संगणकावर आणि निम्मा छोट्या गटात शिकवणाऱ्या माणसासोबत. साडेचार महिन्यांत गणितात ०.३७ आणि हिंदीत ०.२३ ची वाढ. सहावीतलं सरासरी मूल गणितात अडीच इयत्ता मागे होतं, म्हणजे बडोद्यात दिसलेलं अंतर इथे वयाबरोबर वाढलेलं. गंमत अशी की शाळेच्या स्वतःच्या परीक्षेत गणिताचे गुण फारसे हलले नाहीत. समजा तिसरीच्या पातळीवरचं मूल पाचवीच्या पातळीला आलं, तरी शाळेची प्रश्नपत्रिका सातवीची. प्रगतिपुस्तक पाहणाऱ्या पालकाला आणि निकालपत्रक पाहणाऱ्या अधिकाऱ्याला या साडेचार महिन्यांत गणितात काहीच झालेलं दिसलं नसतं.

धोरणाच्या कागदावर

बडोद्यातल्या प्रयोगाचं शेवटचं वर्ष २००३-०४. डिसेंबर २००४ मध्ये केंद्राची शाळांसाठीची ‘आयसीटी’ (माहिती आणि संपर्क तंत्रज्ञान) योजना आली, २०१२ मध्ये त्या विषयाचं राष्ट्रीय धोरण आलं आणि २०१८ मध्ये योजना केंद्राच्या ‘समग्र शिक्षा’ या एकत्रित शालेय योजनेत विलीन झाली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात ऑनलाइन शिक्षणावरच्या प्रकरणात प्रायोगिक अभ्यासांचा मुद्दा आहे: संस्था निवडून समांतर प्रयोग करावेत, लाभ आणि तोटे दोन्ही तपासावेत. वाक्य चांगलं आहे. असा अभ्यास खरेदीच्या आधी होतो की खरेदीनंतर समर्थनापुरता, यावर त्याची किंमत ठरेल.

महाराष्ट्रात २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमानंतर गावोगावी डिजिटल शाळा झाल्या, बऱ्याच ठिकाणी लोकवर्गणीतून. शिक्षकांनी जीव तोडून केलेलं काम त्यात आहे, आणि वीजबिल थकल्याने बंद पडलेले पडदेही आहेत. या शाळांना बडोद्याचा निकाल जसाच्या तसा लावता येणार नाही. तिथे प्रत्येक संगणकाच्या खोलीत शिक्षकाव्यतिरिक्त एक माणूस होता. दिल्लीतही होता. बालसखी तर स्वतःच ते जादा माणूस होती. आपल्या द्विशिक्षकी शाळेत पहिली ते चौथीचे वर्ग दोन खोल्यांत, त्यातले एक गुरुजी केंद्रावर माहिती भरायला गेलेले. आठ मुलांना टॅबवर बसवलं तर त्यांच्याजवळ थांबणार कोण?

साहित्यखरेदीला लेखाशीर्ष असतं, निधी मार्चअखेर खर्च होतो, उपयोगिता प्रमाणपत्र वर जातं. टॅबजवळ बसणाऱ्या स्थानिक मुलीच्या मानधनाला त्याच प्रस्तावात एक ओळ आहे का, आणि असल्यास ती पहिल्या वर्षानंतरही आहे का, हे जिल्हा परिषदेच्या शिक्षण समितीच्या सभेत विचारता येतं. उत्तर दोन मिनिटांत मिळतं, कारण ते अंदाजपत्रकात छापलेलं असतं.